घडी न होणारी व्हीलचेअर चालकाच्या सीटवरून एकटीने गाडीत घेणे : साताऱ्यातील कामाच्या नोंदी

४ मे २०२४

या नोंदी माझ्यासारख्या, म्हणजे पाय न हलणाऱ्या पण हात आणि खांदे शाबूत असलेल्या, स्वतः गाडी चालवणाऱ्या माणसाच्या उपयोगी पडाव्यात म्हणून ठेवीत आहे. माझी इजा डी-१२, म्हणजे छातीच्या भागातल्या शेवटच्या, बाराव्या मणक्याची आहे. पोटाचे स्नायू बऱ्यापैकी काम करतात, त्यामुळे आधार न घेता वाकून पुन्हा सरळ होता येते, आणि पुढे लिहिलेले जवळजवळ सगळे या एका क्षमतेवर उभे आहे. ज्यांची इजा याहून वरची आहे त्यांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलू नये.

गाडी वॅगन-आर आहे, क्लच नसलेली. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालवण्याचा दांडा बसवला असून मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे तो बदल परिवहन कार्यालयात नोंदवून घेतला आहे. गाडी मी एकटी चालवते, पण एकटी कुठे जाऊ शकत नाही, कारण जुनी लोखंडी घडीची खुर्ची डिकीत टाकायला आणि काढायला दरवेळी दादा किंवा वहिनी सोबत लागतात. नवी खुर्ची रिजिड फ्रेमची आहे. तिची मधून घडी होत नाही. फक्त पाठ सीटवर आडवी पडते आणि मोठी चाके बटण दाबून निघतात. बॅगा तोलण्याच्या हुकाच्या काट्यावर संपूर्ण खुर्ची अकरा किलोंच्या आसपास भरली आणि चाके व उशी काढल्यावर नुसती फ्रेम साडेसहा किलो. एवढे वजन बसल्या जागी उचलता येते हे आजच पाहून घेतले, त्यामुळे ताकदीचा प्रश्न यापुढे काढणार नाही.

जागेचा प्रश्न मात्र खरा आहे. फ्रेम चालकाच्या छाती आणि स्टिअरिंगमधून पलीकडच्या सीटवर जायला हवी. पाठ पाडल्यावरही फ्रेमची रुंदी सुमारे बेचाळीस सेंटिमीटर आहे, आणि मी नेहमीसारखी बसले असता छाती ते स्टिअरिंग अंतर त्याहून कमी भरते.

७ मे

आज केवळ खुर्चीतून गाडीच्या सीटवर जाण्याचा सराव केला, गोडोलीतल्या आमच्या इमारतीच्या सपाट अंगणात. दार शेवटच्या खाचेपर्यंत उघडायचे, खुर्ची दार आणि सीट यांच्यामध्ये किंचित तिरपी घालायची, ब्रेक लावायचे, डावा पाय आधी आत ठेवायचा, डावा हात गाडीच्या सीटवर आणि उजवा खुर्चीच्या फ्रेमवर दाबून शरीर उचलायचे. दाराला धरून उचलायचा मोह होतो, तो टाळावा, कारण भार पडला की दार हलते.

खुर्चीचे मागचे चाक मध्ये येत असल्यामुळे खुर्ची आणि गाडीची सीट यांमध्ये वीतभर फट राहते. ती भरून काढण्यासाठी सुताराकडून बारा मिलिमीटर प्लायची फळी करून घेतली आणि तिला वरून सनमायका लावला (खर्च ४५० रुपये). सनमायक्याची कडा सुताराने घासली नव्हती आणि ती मांडीखाली लागत असल्याचे मला कळले नाही, कळणे शक्यही नव्हते. रात्री आरशात पाहिल्यावर लाल ओरखडा दिसला. कडा कानशीने गोल करून घेतल्या. ज्या भागाला संवेदना नाही त्या भागाची रोज आरशात तपासणी या कामाचाच भाग समजावी, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत.

दुसरी लागण्याची जागा म्हणजे दाराचे कुलूप ज्यात अडकते तो खांबावरचा लोखंडी आकडा. सीट पूर्ण मागे सरकवलेली असली की हा आकडा नेमका कमरेजवळ येतो. फोम लावून तो झाकता येत नाही, कारण मग दार लागत नाही. उपाय एकच सापडला: आत येताना सीट मधल्या खाचेत ठेवायची आणि बसून झाल्यावर मागे न्यायची. पायांनी रेटता येत नसल्यामुळे सीटखालचा दांडा डाव्या हाताने उचलून उजव्या हाताने स्टिअरिंग ढकलले की सीट मागे सरकते, आणि स्टिअरिंग ओढले की पुढे येते.

११ मे

चाके काढण्याचा क्रम ठरवण्यात सकाळ गेली. खुर्ची माझ्या उजव्या हाताला, गाडीला समांतर आणि तोंड पुढे करून उभी आहे असे धरावे. उशी आधी काढून मागच्या सीटवर टाकायची, मग पाठ पाडायची. जवळचे, म्हणजे खुर्चीचे डावे चाक आधी काढावे की पलीकडचे, यावर बराच वेळ गेला. पलीकडच्या चाकाचे बटण चाकाच्या बाहेरच्या अंगाला असते, त्यामुळे ते आधी काढायचे तर संपूर्ण खुर्चीवरून हात लांबवून अंदाजाने अंगठा दाबावा लागतो आणि तोल जातो. जवळचे चाक आधी काढले तर बटण डोळ्यांसमोर असते. ते निघाल्यावर खुर्ची माझ्याकडे कलते, तिला तशीच आणखी कलवून मांडीवर आडवी घेतली की पलीकडचे चाक आपोआप वर येते आणि भांड्यावरचे झाकण काढावे तसे निघते.

यात एक अडचण अशी की ब्रेक लावलेले असताना टायर ब्रेकच्या दांड्याखाली दाबला जातो आणि चाक सुटत नाही. म्हणून चाक काढण्याआधी ब्रेक सोडावेच लागतात. सपाट अंगणात याचे काही वाटले नाही.

दुपारी एकच्या सुमारास पुन्हा केले, आणि ते करायला नको होते. फ्रेम अर्धा तास उन्हात होती. अ‍ॅल्युमिनियमची नळी हाताला चटका देईल इतकी तापली होती, आणि तीच नळी मांडीवर घ्यायची होती. हाताला कळले म्हणून थांबले. तेव्हापासून मांडीवर जाड टॉवेल टाकल्याशिवाय फ्रेम घेत नाही. टॉवेलमुळे चिखल आणि टायरचा काळा डागही कपड्यांना लागत नाही.

१८ मे

फ्रेम आत घेण्याचा पहिला खरा प्रयत्न सुरू झाला तोच हॉर्नने. पुढचे छोटे चाक स्टिअरिंगच्या मध्यावर टेकले आणि फ्रेम तिथेच अडकली, त्यामुळे मला ना ती पुढे नेता येईना ना मागे, आणि हॉर्न वाजतच राहिला. वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या, खालचे कुत्रे भुंकू लागले आणि शेवटी दादाने पलीकडच्या दारातून फ्रेम ओढून घेतली. शेजाऱ्यांनी त्यानंतर दोन दिवस चौकशी केली.

त्याच दिवशी संध्याकाळी अडण्याची कारणे नीट पाहिली. स्टिअरिंग खाली असल्यामुळे वाट अरुंद झाली होती, सीटची पाठ सरळ होती, आणि फ्रेम मी टेबल उचलावे तशी, लहान चाके खाली ठेवून, आत घेत होते. आता क्रम असा ठेवला आहे: स्टिअरिंग सर्वांत वर, सीट सर्वांत मागे, पाठ जवळजवळ आरामखुर्चीइतकी पाडलेली, आणि फ्रेम उताणी, म्हणजे सीटची बाजू माझ्या छातीकडे व लहान चाके छताकडे. फुटरेस्ट पुढे घालायचे. डावा हात फुटरेस्टजवळच्या नळीवर, उजवा हात दोन मागच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या नळीवर. गाडीचे छप्पर उंच असल्यामुळे (१,६७५ मिलिमीटर उंचीची गाडी आहे) चाके छताला निसटती लागतात, पण अडत नाहीत. दादाच्या सेदान गाडीत हेच करून पाहिले तेव्हा दाराची वरची कड आणि खाली असलेली सीट यांमध्ये फ्रेम शिरलीच नाही. गाडी घ्यायची असलेल्यांनी डिकीची मापे पाहण्याआधी चालकाच्या दाराची उंची आणि दार किती उघडते ते पाहावे; डिकी या कामात कुठेच येत नाही.

खुर्चीची पाठ पाडलेली असली तरी फ्रेम उताणी करताच ती उघडून हनुवटीवर येते. बूट-चपला शिवणाऱ्याकडून वेल्क्रोचा पट्टा शिवून घेतला, ८० रुपये. तो पाठ आणि सीटच्या नळीभोवती बांधला की पाठ जागची हलत नाही. एसीच्या पाइपांना गुंडाळतात तो काळा फोम दोन्ही पकडीच्या जागी लावला, १२० रुपये. त्याने हात घसरत नाही आणि दाराचे प्लास्टिकही खरवडत नाही.

२६ मे

चाके कुठे ठेवायची याचा निकाल लागला. आधी दोन्ही चाके शेजारच्या सीटवर टाकत होते, मग फ्रेमला जागा उरत नव्हती, आणि चाके उचलून मागे टाकण्यात फ्रेम मांडीवर तोलून धरावी लागत होती. आता सीटची पाठ पाडलेली असतानाच डाव्या खांद्यावरून एकेक चाक मागच्या सीटवर जाते. चाकाच्या मध्यातून अ‍ॅक्सल, म्हणजे चाक फ्रेमच्या नळीत अडकवणारा दांडा, बोटभर लांबीहून जास्त बाहेर आलेला असतो आणि त्याने सीटचे कापड फाटते; पहिल्याच आठवड्यात एक भोक पडले आहे. सीट कव्हर शिवणाऱ्याने मागच्या सीटसाठी रेक्झिनचे दोन खिसे असलेले आवरण शिवून दिले, ६५० रुपये. पुढच्या सीटवर घरातली जुनी वाकळ अंथरली आहे आणि ती रेक्झिनपेक्षा चांगली ठरली, कारण फ्रेम तिच्यावर घसरत नाही.

फ्रेम शेजारच्या सीटवर ठेवून गाडी सुरू केली की पट्टा लावा, पट्टा लावा असा इशारा वाजू लागतो. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाबरोबर शेजारच्या सीटसाठीही हा इशारा सक्तीचा आहे, आणि सीटखालच्या यंत्राला साडेसहा किलोंची फ्रेम आणि माणूस यांतला फरक कळत नाही. काहींनी सुचवले की बाजारात मिळणारी नुसती खिट्टी खोचून इशारा बंद करावा. तसे अजिबात करू नये. पट्टा फ्रेमच्या नळ्यांमधून ओवून लावला की इशाराही थांबतो आणि जोराने ब्रेक लावला तर फ्रेम जागेवर राहते. शेजारची सीट पूर्ण मागे ठेवावी, कारण समोर एअरबॅग आहे.

९ जून

उतरतानाचा क्रम वेगळा लिहिणे भाग आहे, कारण तो चढतानाच्या क्रमाचा सरळ उलटा नाही. फ्रेम बाहेर काढून जमिनीवर ठेवली तर चाकांशिवाय ती मागे कलंडते आणि हाताबाहेर जाते. म्हणून फ्रेम मांडीवर आडवी ठेवूनच पलीकडचे चाक वरून बसवायचे, मग खुर्ची बाहेर उभी करायची आणि मागच्या सीटवरून दुसरे चाक घेऊन जवळच्या बाजूला बसवायचे. बसवताना बटण दाबून धरायचे, अ‍ॅक्सल आत गेल्यावर सोडायचे, आणि बटण पूर्ण बाहेर आले आहे का हे पाहून चाक जोराने बाहेर ओढून बघायचे. अ‍ॅक्सलच्या टोकाला बारीक छर्रे असतात, ते नळीच्या पलीकडे बाहेर आले तरच चाक अडकते. बटण अर्धे आत राहिलेले चाक दिसायला तंतोतंत बरोबर दिसते, खुर्ची ढकलताही येते, आणि तुम्ही सीटवरून खुर्चीत भार टाकलात की ते निघते. हे ओढून बघणे घाईतही सोडायचे नाही.

उशी शेवटी. उशीची पुढची बाजू मी लाल दोऱ्याने खुणावली आहे, कारण उलटी उशी दाबाचे व्रण आणते आणि अंधारात बाजू कळत नाही.

या सगळ्याला सुरुवातीला अर्धा-पाऊण तास जात होता. आता पंधरा मिनिटांच्या आत होते, आणि त्यातला निम्मा वेळ अजूनही सीट पुढे-मागे करण्यात जातो.

२९ जून

पावसाने दोन आठवडे काम थांबवले असते, पण ऑफिसला जावे लागतेच. साताऱ्याचा पाऊस कोणासाठी थांबत नाही. छत्री धरायला हात मोकळा नसतो. त्यामुळे उशी प्लास्टिकच्या पिशवीतच काढायची आणि घालायची, बाकी भिजू द्यायचे, असे ठरवून टाकले. लहान मुलांच्या सायकलवर घालतात तसा रेनकोट पुढून उलटा घातला की मांडी आणि सीट दोन्ही कोरडी राहतात.

पावसाचा खरा उपद्रव अ‍ॅक्सलला होतो. रस्त्यावरचा बारीक वाळूसारखा गाळ छर्ऱ्यांमध्ये जातो आणि बटण दाबले तरी चाक सुटत नाही. एकदा ऑफिसच्या दारात असे झाले, आणि मी गाडीत, खुर्ची बाहेर, वर पाऊस, असा पाऊण तास गेला. सायकल दुरुस्तीच्या दुकानात ग्रीस लावून घेतले तर दुसऱ्या दिवशी आणखी गाळ चिकटला. ग्रीस पुसून काढून कोरड्या फडक्याने अ‍ॅक्सल रोज पुसणे आणि आठवड्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून जादा तेल टिपून घेणे, एवढ्याने काम भागले आहे. नळीच्या आतूनही कापसाची काडी फिरवावी.

१४ जुलै

आता उतारांविषयी, ज्यांनी माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठांमध्ये सपाट जागा मिळणे कठीण. ११ मेच्या नोंदीतली अडचण इथे उभी राहते: चाक काढण्यासाठी ब्रेक सोडावा लागतो, आणि ब्रेक सोडला की खुर्ची उताराने निघते.

गाडीचे तोंड चढाकडे असेल तर दोन गोष्टी एकदम बिघडतात. दाराची बिजागरी पुढे असल्यामुळे दार स्वतःच्या वजनाने मिटत येते आणि खुर्चीवर आदळते. आणि खुर्ची मागे, हाताच्या टप्प्याबाहेर सरकते. समर्थ मंदिराकडच्या एका गल्लीत ती अशीच निघाली आणि एका उभ्या रिक्षेला टेकून थांबली. गाडीचे तोंड उताराकडे ठेवले तर दार आपोआप पूर्ण उघडे राहते आणि पुढे सरकू पाहणारी खुर्ची दाराच्या आतल्या बाजूला टेकून अडते. एवढा एक बदल, म्हणजे थोडे पुढे जाऊन वळून येऊन गाडी उताराकडे तोंड करून लावणे, हे कोणत्याही पट्ट्या-साखळीपेक्षा उपयोगी पडले. मिटताना मात्र ते दार वर ओढावे लागते आणि हात पोहोचत नाही, म्हणून जुन्या दप्तराचा पट्टा दाराच्या आतल्या मुठीला बांधून ठेवला आहे. उतारावर खुर्चीतून येताना शरीर पुढे झुकते, तेव्हा फळी घ्यावी. सपाटीवर मी ती आता वापरत नाही.

आपल्याकडे गाडी डाव्या कडेला लागते आणि चालकाचे दार उजवीकडे, म्हणजे रहदारीत उघडते, हे सगळ्यांना माहीत असते; पण उघडे दार, त्याच्या आत उभी खुर्ची आणि मांडीवर चाक अशा स्थितीत काही मिनिटे साताऱ्याच्या राजपथावर बसून पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही. दुचाक्या दाराला घासून जातात. रस्त्याच्या कडेला लावणे मी सोडून दिले आहे. आडवी गाडी लावता येईल अशी जागा शोधते, लागल्यास लांबची, आणि उजव्या बाजूला चार फूट मोकळे सोडते. परत आल्यावर त्या चार फुटांत कोणाची तरी दुचाकी हमखास असते. उजव्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘व्हीलचेअरसाठी उजवीकडे चार फूट जागा सोडावी’ असा कागद लावल्यापासून हे कमी झाले आहे, बंद झालेले नाही.

११ ऑगस्ट

मदतीला येणाऱ्यांविषयी एक नोंद आवश्यक आहे. माणसे मनापासून येतात, आणि नेमकी निघणारी वस्तू धरतात. पोवई नाक्याजवळ एका दुकानाचे राखणदार काका धावत आले, ‘ताई, थांबा, मी उचलतो की,’ म्हणाले आणि त्यांनी खुर्ची बाजूच्या प्लास्टिकच्या पत्र्याला धरून उचलली. पत्रा त्यांच्या हातात आला आणि खुर्ची खाली. काका इतके ओशाळले की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. पत्र्याची खाच वाकली, ती सायकलवाल्याने सरळ केली.

आता कोणी आले की नाही म्हणत नाही. लगेच काम सांगते. ‘काका, दार एवढे धरून ठेवा,’ किंवा ‘मागून येणाऱ्या गाड्यांना जरा हात करा.’ खुर्चीला हात लावू देत नाही. रहदारीला हात दाखवणारा माणूस खरोखर उपयोगाचा असतो.

१५ सप्टेंबर

एकटीने कराडला जाऊन आले. महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे रस्ता जागोजागी वळवलेला आहे आणि तासवड्याच्या अलीकडे पुढच्या ट्रकमुळे जोरात ब्रेक लावावा लागला. पट्ट्यात ओवलेली फ्रेम जागची हलली नाही. मागच्या सीटवरचे एक चाक मात्र खिशातून निसटून दोन सीटांच्या मध्ये पडले आणि ते काढायला कराडला पोहोचल्यावर दुसऱ्याला सांगावे लागले. खिशांना वर बंद असायला हवेत. सीट कव्हरवाल्याने उद्या आवरण घेऊन बोलावले आहे. प्रत्येक खिशाला एक असे दोन बंद तो शंभर रुपयांत शिवून देतो म्हणाला.

चढायला आता पाच-सहा मिनिटे लागतात, उतरायला त्याहून थोडी जास्त. उजवा खांदा संध्याकाळी दुखतो, कारण फ्रेम उचलण्याची सुरुवात त्याच हाताने होते. फिजिओथेरपिस्टने एका दिवसात दोनपेक्षा जास्त ठिकाणी उतरू नये असे सांगितले आहे आणि मला ते पटले आहे. ज्या दिवशी तीन कामे असतात त्या दिवशी वहिनी सोबत येतात आणि खुर्ची सरळ मागच्या दारातून, चाकांसकट, आत जाते.